सहाव्या दिवशी प्लेटलेट २.९ लाख, सीआरपी ९४ : कावासाकी बाजूला ठेवायचा का? आणि इको कधी?

मोहोळ_जीपी
नमस्कार. कावासाकीची (लहान मुलांतला, रक्तवाहिन्यांना सूज आणून हृदयाच्या धमन्यांना इजा करणारा आजार) शंका आहे. १४ महिन्यांचा मुलगा, वजन १० किलो, उंची ७८ सेंमी. आज तापाचा सहावा दिवस. रोज १०२-१०३ पर्यंत चढतो, पॅरासिटामॉलने तीन-चार तास उतरतो, परत चढतो. दोन्ही डोळे लाल, पण चिपडं अजिबात नाहीत. ओठ लालभडक, सुकून भेगा पडलेले. तिसऱ्या दिवशी अँटिबायोटिक सुरू झालं, चौथ्या दिवशी पोटा-पाठीवर पुरळ उठलं. औषधाचं असेल म्हणून औषध बंद केलं, पुरळ दोन दिवसांत फिकटलं. हातापायांना सूज नाही, मानेत गाठ लागत नाही. लेकरू प्रचंड चिडचिडं, आईच्या खांद्यावरून खाली उतरायला तयार नाही.

आजचे रिपोर्ट : हिमोग्लोबिन ९.४, पांढऱ्या पेशी १७,८००, न्यूट्रोफिल ७४ टक्के, प्लेटलेट २.९ लाख, सीआरपी ९४ आणि ईएसआर ६२ (दोन्ही शरीरातली सूज दाखवणारे आकडे), एसजीपीटी (यकृताचं) ७१, सोडियम १३४. डेंग्यू एनएस१ निगेटिव्ह. लघवी पट्टीवर तपासली, पू-पेशी नाहीत. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) केलेलं नाही.

माझे प्रश्न : कावासाकीत प्लेटलेट वाढतात असं वाचलंय, इथे नॉर्मल आहेत, मग तो बाजूला ठेवायचा का? पाचपैकी तीनच लक्षणं आहेत. इको (हृदयाची सोनोग्राफी) आत्ताच करायचा की दोन आठवड्यांनी? घरचे म्हणतायत, ‘पेशी चांगल्या आहेत, मग काळजी कसली?’


बालरोग_सोलापूर
डॉक्टर, बाजूला ठेवू नका. तुमच्या रिपोर्टमध्येच उत्तर आहे, फक्त ते तापाच्या दिवसाशी जोडून वाचायला हवं. कावासाकीत प्रत्येक आकड्याचा स्वतःचा दिवस असतो.

आधी प्लेटलेट. त्या पहिल्या आठवड्यात सहसा नॉर्मलच असतात. दुसऱ्या आठवड्यात चढायला लागतात, तिसऱ्या आठवड्यात शिखर गाठतात (सहा-सात लाख सहज, कधी दहा लाखांच्या वर) आणि चार ते आठ आठवड्यांत खाली येतात. म्हणून निकषातही ‘सातव्या दिवसानंतर साडेचार लाखांच्या वर’ असंच म्हटलंय. सहाव्या दिवशीच्या २.९ लाखांवरून कावासाकी नाही असं म्हणता येत नाही. किंबहुना जपानी डॉक्टर आयव्हीआयजी (शिरेतून द्यायच्या अँटिबॉडी, या आजाराचं मुख्य औषध) लागू पडेल की नाही याचा अंदाज घ्यायला कोबायाशी स्कोअर वापरतात, त्यात ३ लाख किंवा त्याहून कमी प्लेटलेटला धोक्याच्या बाजूचा एक गुण मिळतो. (हा स्कोअर जपानबाहेर तितका चांगला चालत नाही, पण दिशा लक्षात घ्या.)

घरच्यांचं म्हणणं डेंग्यूतून आलेलं आहे. पावसाळा आला की आपल्याकडे घरोघरी पेशींचा हिशेब चालतो, पडल्या की घाबरायचं, वाढल्या की पेढे. या आजारात गणित वेगळं आहे. पेशी चढतात त्याच सुमारास हृदयाच्या धमन्या फुगत असतात, आणि फुगलेल्या धमनीत जास्त प्लेटलेट म्हणजे गुठळीला आमंत्रण. हे त्यांना स्पष्ट सांगा, नाहीतर बाराव्या दिवशी ‘पेशी सहा लाख झाल्या, बरं झालं’ म्हणून तपासणी टाळतील.

आता लक्षणं. पाच दिवस ताप आणि पाचपैकी चार, हे पूर्ण चित्र झालं : डोळे, तोंड, पुरळ, हातपाय, मानेतली दीड सेंटिमीटरची गाठ. तुमच्याकडे डोळे, तोंड आणि पुरळ आहेत. पुरळ आलं आणि गेलं तरी ते मोजायचं, सगळी लक्षणं एकाच दिवशी दिसावी लागत नाहीत. अँटिबायोटिकनंतरच्या पुरळाचा दोष औषधाला देणं ही या आजारात नेहमी होणारी चूक आहे. तारखा मांडल्या की बहुतेक वेळा उलगडा होतो.

तीन लक्षणं म्हणजे ‘अपूर्ण कावासाकी’. अपूर्ण हे लक्षणांच्या बाबतीत, हृदयाचा धोका अपूर्ण नसतो. उलट निदान उशिरा होतं म्हणून नुकसान जास्त होतं. लहान बाळांत हेच चित्र जास्त दिसतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सात दिवस कारणाशिवाय ताप असेल तर एकही लक्षण नसताना रक्त आणि इको दोन्ही करावं.

पायऱ्या अशा. सीआरपी ३ मिग्रॅ प्रति डेसीलिटर किंवा ईएसआर ४०, यातलं एक ओलांडलं की पुढचे सहा मुद्दे मोजायचे : वयाच्या मानाने कमी हिमोग्लोबिन, सातव्या दिवसानंतर साडेचार लाख प्लेटलेट, अल्ब्युमिन ३ किंवा कमी, वाढलेलं एसजीपीटी, पांढऱ्या पेशी १५,००० किंवा जास्त, लघवीत सूक्ष्मदर्शकाखाली १० पू-पेशी. सहापैकी तीन जुळले, किंवा इकोत दोष दिसला, तर उपचार सुरू. तुमच्या लेकराचं हिमोग्लोबिन, एसजीपीटी आणि पांढऱ्या पेशी जुळतात. तीन झाले.

फक्त एक पोटशंका मनात ठेवा. आपल्या भागात या वयाच्या कितीतरी लेकरांचं हिमोग्लोबिन आधीपासूनच कमी असतं, त्यामुळे तो मुद्दा मी एकट्याने वजनदार धरत नाही. म्हणून अल्ब्युमिन आजच करा आणि लघवी सूक्ष्मदर्शकाखाली बघा. अल्ब्युमिन २.८ आलं तर वाद मिटतोच.

आणखी दोन जागा बघा, मिनिटाचंही काम नाही. डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण आहे तिथे लाली किंवा खपली धरलीय का? लहान लेकरात ही मोठी खूण आहे. आणि लंगोटाच्या जागेची कातडी लाल होऊन सुटतेय का? बोटांच्या टोकांची सालं निघायला दुसरा-तिसरा आठवडा उजाडतो, त्याची वाट बघत बसायचं नाही.

लेकरू आजच भरती व्हावं. पहिल्या दहा दिवसांत आयव्हीआयजी मिळालं तर धमन्यांत फुगवटा येण्याचं प्रमाण साधारण २५ टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या आसपास येतं. तुमच्या हातात चार दिवस आहेत, पण ते वापरायचे नाहीत. जेवढं लवकर तेवढं बरं.


नवीपेठ_लॅब
वरचं वैद्यकीय मत पूर्ण पटतं. मी लॅबच्या बाजूने भर घालतो, कारण या आकड्यांत लॅबमुळे फसगत होण्याच्या जागा बऱ्याच आहेत.

सीआरपी ९४ लिहिलंय, एकक लिहिलेलं नाही. आपल्याकडच्या बहुतेक लॅब मिग्रॅ प्रति लिटरमध्ये देतात, म्हणजे हे ९.४ मिग्रॅ प्रति डेसीलिटर झालं. पुस्तकातली ‘३’ ही सीमा डेसीलिटरची आहे, लिटरच्या हिशेबात ती ३०. तुमच्या केसमध्ये दोन्हीकडून सीमा ओलांडलीय, पण उलट घोळ घातक ठरतो. एखाद्या लॅबने ४.२ मिग्रॅ प्रति डेसीलिटर दिलं आणि वाचणाऱ्याने ‘६ च्या आत नॉर्मल’ म्हणून सोडलं, तर प्रत्यक्षात ४२ सुटलं. फोनवर आकडा सांगताना एकक बोलायची सवय लावा.

दुसरं, सीआरपी कोणत्या पद्धतीचं? स्लाइडवरची लॅटेक्स चाचणी ‘पॉझिटिव्ह’ किंवा ६, १२, २४, ४८ असे टप्प्यांचे आकडे देते. त्यावरून दोन दिवसांत किती उतरलं हे कळत नाही. शिवाय सीआरपी खूप जास्त असेल आणि सीरम पातळ न करता स्लाइडवर टाकलं, तर गुठळ्याच बनत नाहीत आणि चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. मशीनवरचं आकडेवारीचं सीआरपी मागा. ‘एचएस-सीआरपी’ मागू नका, ती मोठ्यांच्या हृदयविकाराच्या जोखमीसाठीची वेगळी तपासणी आहे.

ईएसआर. हिमोग्लोबिन ९.४ असताना ६२ पैकी थोडा भाग रक्तक्षयाचाच असतो, म्हणून सीआरपीचा आधार जास्त भक्कम. ईएसआर २० ते २५ अंशांत लावायचा असतो. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये एसी नसलेल्या कलेक्शन सेंटरमध्ये पारा चाळीसला टेकलेला असतो, तिथे नळी लावली तर आकडा उगाच चढतो. नळी थोडी तिरकी राहिली तरी चढतो. उलट रक्त काढून सहा-सात तास तसंच पडलं, तालुक्याहून एसटीने आलं, तर उतरतो. मोहोळहून पाठवत असाल तर रक्त काढल्याची वेळ बाटलीवर टाका.

लघवीची पट्टी. हा मुद्दा बरेचदा निसटतो. कावासाकीतल्या पू-पेशी मूत्रमार्गाच्या सुजेतून येतात, आणि त्या नेहमीच्या जंतुसंसर्गातल्या न्यूट्रोफिल नसून मोनोन्यूक्लिअर (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) असतात. पट्टीवरची ल्युकोसाइट एस्टरेजची चौकट त्यांना ओळखतच नाही. म्हणून पट्टीवर ‘नाही’ आलं तरी नमुना फिरवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगा. आणि कॅथेटरने काढलेला नमुना नको, कारण तो मूत्राशयातून थेट येतो आणि मूत्रमार्गातल्या पेशी चुकवतो. स्वच्छ धुऊन पिशवीत किंवा धारेत धरलेली लघवी घ्या. कल्चर निगेटिव्ह आणि पू-पेशी भरपूर, असं आलं तर कावासाकी आठवायलाच हवा.

प्लेटलेटबद्दल एवढंच की अनपेक्षित कमी आकडा आला तर काचेवर रक्ताचा थर बघायला सांगा, जांभळ्या झाकणाच्या नळीत कधीकधी प्लेटलेटचे घोस बनतात आणि मशीन कमी मोजतं. लेकराच्या टाचेतून किंवा बारीक शिरेतून ओढून काढलेलं रक्त फुटतं, त्यात एसजीओटी (एसजीपीटीच्या जोडीचं एन्झाइम) खोटं वाढतं. रिपोर्टवर ‘हीमोलाइज्ड’ लिहिलं असेल तर तो आकडा धरू नका.

एक विनंती सगळ्यांनाच. फॉर्मवर ‘ताप’ एवढंच लिहू नका, ताप सुरू झाल्याची तारीख लिहा. आम्हाला २.९ लाखांपुढे सहावा दिवस दिसला तर आम्ही ‘नॉर्मल’ एवढंच सांगून थांबणार नाही.


मोहोळ_जीपी
दोघांचे आभार. बीसीजीच्या जागी खरंच लाल गोल आहे, कडेला बारीक खपली. आईला वाटलं होतं डास चावला. अल्ब्युमिन पाठवलंय. रिपोर्टचं एकक मिग्रॅ प्रति लिटर आहे, खात्री केली.

आता अडचण अशी की दुपारपासून ताप १०० च्या आत आहे, त्यामुळे वडील ‘उद्या बघू’ म्हणतायत. आणि आमच्या इथे मोठ्यांचा टूडी इको होतो, तो इथेच करून पाठवू का, म्हणजे वेळ वाचेल?


इको_पुणेनाका
मोठ्यांचा इको करून पाठवू नका. वेळ वाचणार नाही, उलट खोटा दिलासा मिळेल. असे रिपोर्ट येतात : ‘चारही कप्पे नॉर्मल, ईएफ (पंपाची ताकद) ६० टक्के, नॉर्मल स्टडी’. कोरोनरी धमन्यांचा उल्लेखही नसतो. घरचे तो कागद घेऊन परत जातात. कावासाकीच्या इकोत आधी बघायच्या त्या धमन्या. ज्या रिपोर्टवर डाव्या मुख्य धमनीचं, डाव्या पुढच्या धमनीचं (एलएडी) आणि उजव्या धमनीचं (आरसीए) माप मिलिमीटरमध्ये आणि झेड-स्कोअरसह नाही, तो या आजारासाठी इको झालाच नाही असं समजा.

झेड-स्कोअर का? ३ मिमी रुंदीची एलएडी दहा वर्षांच्या मुलात जवळपास हद्दीत बसते, १० किलोच्या लेकरात तोच आकडा फुगवटा ठरतो. म्हणून माप शरीराच्या पृष्ठभागाशी ताडून बघतात. उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले वजन किलोत, भागिले ३६००, आणि त्याचं वर्गमूळ. तुमच्या लेकराचं ७८ गुणिले १० म्हणजे ७८०, भागिले ३६०० म्हणजे ०.२१७, वर्गमूळ ०.४७ चौरस मीटर. उंची अंदाजे लिहिली तर झेड-स्कोअरही अंदाजेच येतो, म्हणून लेकराला आडवं झोपवून टेपने नीट मोजा आणि चिठ्ठीवर लिहा.

झेड २ च्या आत नॉर्मल. २ ते २.५ नुसतं रुंदावणं. २.५ ते ५ लहान फुगवटा, ५ ते १० मध्यम, १० च्या वर किंवा माप ८ मिमी गाठलं तर महाकाय. फुगवट्यापर्यंत गोष्ट कशी जाते ते वडिलांना सांगायचं असेल तर सायकलच्या ट्यूबचं उदाहरण द्या. धमनीच्या भिंतीत लवचिक पट्टा असतो. सुजेमुळे पांढऱ्या पेशी भिंतीत घुसून तो पट्टा खातात. मग आतल्या दाबाने तेवढीच जागा फुगते, जशी झिजलेल्या टायरमधून ट्यूब बाहेर डोकावते. ताप उतरला म्हणजे पट्टा शिवला गेला असं नाही. सातव्या-आठव्या दिवशी ताप आपणहून गेलेल्या लेकरांतही फुगवटे सापडतात.

लेकरू रडत असेल तर मापं घेता येत नाहीत. दोन मिमीची नळी, मिनिटाला दीडशे-पावणेदोनशे ठोके, त्यात लाथा. तीन वर्षांखालच्या बहुतेकांना झोपेचं औषध लागतं, त्यामुळे आधी फोन करून पोट किती तास रिकामं ठेवायचं ते विचारा. सोबत तीन प्रश्न विचारा : लहान मुलांचा जास्त फ्रीक्वेन्सीचा प्रोब आहे का, कोरोनरी मोजता का, झेड-स्कोअर देता का. सोलापुरात ज्या ठिकाणी तिन्हींना ‘हो’ मिळेल तिथे न्या. नाही मिळालं तर पुणे अडीचशे किलोमीटर आहे, पण त्यासाठी आयव्हीआयजी थांबवू नका. उपचार इथे सुरू, इको मागून.

पहिला इको नॉर्मल आला तर? पहिल्या आठवड्यात तो बहुधा नॉर्मलच येतो. त्याने आजार नाकारला जात नाही, तो पुढच्या तुलनेसाठीचा पाया असतो. दुसरा एक ते दोन आठवड्यांनी, तिसरा चार ते सहा आठवड्यांनी. पहिल्यातच झेड २.५ च्या वर असेल, तर धमन्यांची वाढ थांबेपर्यंत आठवड्यातून निदान दोनदा बघावं लागतं. धमन्यांसोबत झडप गळतेय का, हृदयाभोवती पाणी आहे का, पंपाची ताकद कमी आहे का, हेही बघायचं. ‘धमनीच्या भोवती चकाकी’ असा शेरा जुन्या रिपोर्टमध्ये दिसतो, त्याला आता निदानात किंमत नाही.


बालरोग_सोलापूर
‘उद्या बघू’बद्दल : १०० च्या आत आहे तो पॅरासिटामॉलवर की औषधाशिवाय? शेवटचा डोस कधी दिला ते विचारा. आणि औषधाशिवाय उतरला असला तरी वरचंच लागू आहे, सीआरपी ९४ आहे तोवर आग विझलेली नाही.

हृदयाशी थेट संबंध असलेल्या रक्ततपासण्यांबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. एनटी-प्रो-बीएनपी हृदयाच्या स्नायूवर ताण असला की वाढतो. शंकास्पद केसमध्ये वाढलेला असेल तर पारडं कावासाकीकडे झुकतं. पण वयानुसार सीमा बदलते, दुसऱ्या तापांतही वाढतो, म्हणून एकट्यावर निदान नाही. नॉर्मल आला म्हणून सुटकाही नाही. ट्रोपोनिन स्नायूला इजा सांगतं. ते मी मागवतो जेव्हा तापाच्या मानाने नाडी खूपच वेगवान असते, हातपाय गार पडतात, किंवा रक्तदाब कमी लागतो. कावासाकीत पहिल्या आठवड्यात स्नायूला थोडी सूज बऱ्याच लेकरांत असते, बहुतेकांत ती उपचाराने उतरते. पण थोड्यांत शॉक येतो, आणि त्यांना सेप्सिस (जंतुसंसर्गाचा शॉक) समजून सलाईनवर सलाईन दिलं तर कमकुवत हृदय आणखी दमतं.

प्लेटलेट पडत असतील, म्हणजे दीड लाखाच्या खाली जात असतील, तर दोन गोष्टी डोक्यात आणा. एक, मॅक्रोफेज अ‍ॅक्टिव्हेशन (प्रतिकारशक्तीच्या पेशी बेलगाम होणं) : फेरिटिन हजारांत, फायब्रिनोजेन घसरतं, एसजीओटी चढतं, हिमोग्लोबिन पडतं, आणि सीआरपी चढलेलं असूनही ईएसआर खाली येतो, कारण ईएसआर फायब्रिनोजेनच्या जोरावरच चढतो. दुसरं, कोविडनंतरचा मिस-सी (मुलांत अनेक अवयवांना येणारी सूज), जो २०२० पासून आपण पाहतोय. त्यात मूल सहसा मोठं, शाळेच्या वयाचं असतं, पोटदुखी-उलट्या जास्त, लिम्फोसाइट कमी, डी-डायमर आणि ट्रोपोनिन वाढलेले. तुमच्या केसचं चित्र तसं नाही.

आयव्हीआयजीच्या आधी एक साधी नळी जास्त काढून सीरम ठेवून द्या. आयव्हीआयजी हजारो रक्तदात्यांच्या अँटिबॉडींपासून बनतं, त्यामुळे नंतर केलेली कुठलीही आयजीजी (अँटिबॉडीची) चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. आणि त्यानंतर ईएसआर मागवू नका. बाहेरून दिलेल्या ग्लोब्युलिनमुळे तो काही आठवडे चढलेलाच राहतो. नव्वदचा ईएसआर पाहून घरचे आणि डॉक्टर दोघंही घाबरतात, कारण नसताना. सुधारणा मोजायची ती ताप, चिडचिड आणि सीआरपी यांवर.


वॉर्ड_सिस्टर
प्रत्यक्ष देण्याबद्दल मी लिहिते, भरतीच्या ठिकाणी उपयोग होईल.

डोस किलोला २ ग्रॅम, एकदाच. १० किलोला २० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या चार बाटल्या. द्रावण ५ टक्के असेल तर ४०० मिली, १० टक्के असेल तर २००. बाटलीवर टक्केवारी वाचूनच वेग ठरवायचा, दोन्ही प्रकार बाजारात मिळतात. ५ टक्क्यांचं असेल तर पहिला अर्धा तास ताशी ५ मिली, मग दर अर्ध्या तासाने नाडी-रक्तदाब बघून १०, २०, ४०. असं साधारण अकरा तासांत संपतं. हृदय कमकुवत असेल तर ४०० मिली पाणीही जड होतं, तिथे वेग डॉक्टरांना विचारूनच.

बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. नातेवाईक मेडिकलमधून आणणार असतील तर त्यांना बर्फाचा डबा द्या, दुचाकीच्या डिकीत उन्हातून आणू देऊ नका. बर्फाला बाटली थेट चिकटवायची नाही, गोठली की वाया गेली. लावण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, हलवायची नाही, फेस होतो. त्याच नळीतून दुसरं औषध नाही. बॅच नंबरचं लेबल केसपेपरवर चिकटवा.

चालू असताना थंडी-ताप आला तर वेग कमी करतात, तो औषधाचा ताप असतो. म्हणूनच ‘आयव्हीआयजी लागू पडलं नाही’ हे ठरवायला बाटली संपल्यापासून ३६ तास मोजतात. संपल्याची वेळ मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, शिफ्ट बदलली की हीच वेळ हरवते. ३६ तासांनंतर ताप राहिला किंवा परत आला (दर दहात एक-दोन लेकरांत असं होतं), तर पुढचं औषध लागतं : दुसरा डोस, इन्फ्लिक्सिमॅब किंवा स्टेरॉइड. ए, बी किंवा एबी रक्तगट असेल तर पुढच्या आठवड्यात हिमोग्लोबिन तपासा, कधीकधी लाल पेशी फुटतात. डोळे पिवळे, लघवी गडद दिसली तर लगेच कळवायला सांगा.

अ‍ॅस्पिरिन सुरुवातीला दिवसाला किलोमागे ३० ते ५० मिग्रॅ, चार भागांत. १० किलोला ७५ ची एक गोळी दिवसातून चारदा म्हणजे ३०. ताप जाऊन ४८ ते ७२ तास झाले की किलोला ३ ते ५, दिवसातून एकदा, म्हणजे ७५ ची अर्धी. विरघळणारी गोळी घ्या, आवरण असलेली तोडायची नसते. खाल्ल्यावरच द्या. सहा ते आठ आठवडे, आणि धमन्या नॉर्मल असतील तरच बंद. फुगवटा राहिला तर चालूच, महाकाय असेल तर सोबत रक्त पातळ करणारं दुसरं औषधही.

घरी सांगायचं : तापाला आयब्युप्रोफेन नको, ते अ‍ॅस्पिरिनचा प्लेटलेटवरचा परिणाम मारतं. घरात किंवा शेजारी कांजिण्या, फ्लू आला तर त्याच दिवशी फोन, अ‍ॅस्पिरिनसोबत ते रेय सिंड्रोमचं (मेंदू आणि यकृताला इजा करणारा गंभीर आजार) कारण होऊ शकतं. लेकरू अचानक पांढरं पडलं, घामाघूम झालं, उलट्या करत सलग रडत राहिलं, तर गॅस समजून ओवा चोळत बसू नका. या वयाला छातीत दुखतंय हे सांगता येत नाही.


मोहोळ_जीपी
अल्ब्युमिन २.९ आलं. शेवटचं पॅरासिटामॉल दुपारी एकला दिलेलं निघालं, आत्ता सहाला परत १०२.४. वडील तयार झालेत. चिठ्ठी अशी लिहिलीय, काही राहिलं का बघा :

‘१४ महिने, १० किलो, ७८ सेंमी. ताप ६ दिवस. अपूर्ण कावासाकीची शंका. डोळे, ओठ, पुरळ (आता गेलेलं), बीसीजीच्या जागी लाली. सीआरपी ९४ मिग्रॅ प्रति लिटर, अल्ब्युमिन २.९, पांढऱ्या पेशी १७,८००, एसजीपीटी ७१, हिमोग्लोबिन ९.४, प्लेटलेट २.९ लाख. आयव्हीआयजी आणि कोरोनरीच्या मापांसह इको व्हावा ही विनंती.’


बालरोग_सोलापूर
चांगली आहे. फक्त ‘ताप ६ दिवस’ खोडा आणि ताप सुरू झाल्याची तारीख घाला. ही चिठ्ठी परवा राऊंडला कुणीतरी वाचेल आणि तेव्हाही सहाच दिवस मोजेल. पुरळालाही तारीख द्या, अँटिबायोटिकलाही.


वॉर्ड_सिस्टर
आणि लसीकरणाचं कार्ड सोबत द्या. आयव्हीआयजीनंतर गोवर-रुबेला आणि कांजिण्यांची लस ११ महिने पुढे जाते, दिली तरी नीट लागू पडत नाही. तालुक्यात गोवराची साथ असली तर आधी देतात, पण मग नंतर परत द्यावी लागते. डिस्चार्जच्या दिवशी कार्डावरच शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर सोळाव्या महिन्याला आशाताई दारात येतील आणि कुणाच्या लक्षात राहणार नाही.


मोहोळ_जीपी
तिन्ही तारखा टाकल्या. कार्ड आईच्या पिशवीतच होतं, चिठ्ठीला पिनने जोडलं. सव्वासहाला गाडी निघाली.